गाड्या आणि जुन्या वस्तूंचे रिअ‍ॅलिटी शो कितपत खरे?

धूळखात_स्कूटर:
सासरेबुवा आणि मी रोज जेवताना 'पॉन स्टार्स' (गहाण-खरेदीच्या दुकानातले सौदे), 'स्टोरेज वॉर्स' (भाडं थकलेल्या गोदामांतल्या मालाचे लिलाव), 'व्हीलर डीलर्स' (जुनी गाडी घेऊन, दुरुस्त करून विकणं) बघतो. ते म्हणतात सगळं नाटक. मी म्हणते, एवढं रचायला कुणाला वेळ आहे? परवा गोदामाचं शटर वर जाताना त्यांनी पॉज केलं आणि विचारलं, "शटर आत्ता उघडतंय ना? मग आतून त्याचा चेहरा कोण टिपतंय?" माझी बोलती बंद. जाणकारांनी सांगा, पैज लागलीय.

अडकलेला_नट:
सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा, त्यांची नजर पक्की आहे.

मी हौसेनं जुन्या गाड्या उभ्या करतो. 'व्हीलर डीलर्स'मधल्या गाड्या खऱ्या, कामही खरं. खोटा आहे तो वेळ. शेवटी जो नफा दाखवतात त्यात मजुरी धरलेलीच नसते. ते लपवत नाहीत म्हणा, पण बघणाऱ्याच्या डोक्यात तोच आकडा बसतो.

माझंच सांगतो. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा (इंजिनातला धूर गोळा करणाऱ्या नळ्यांचा) एक स्टड, म्हणजे बिनडोक्याचा बोल्ट, काढायचा होता. रात्रभर तेल सोडून ठेवलं, सकाळी तापवला, पाना लावला आणि कट्! स्टड मुळाशी तुटला. मग मधोमध पंच, ड्रिलचा बारीक बिट, त्याहून जाड बिट, श्वास रोखून. बिट जरा कलला की आटे गेलेच. एका स्टडला दोन रविवार. टीव्हीवर "हा जरा घट्ट आहे" म्हणतात आणि पुढच्या शॉटला इंजिन बाहेर! पत्र्याला लांबी (पुट्टी) भरणं, ती वाळणं, घासणं, परत भरणं हे सगळं एका गाण्यात उरकतं. त्या शोमधला मेकॅनिक एड चायना 2017 मध्ये बाहेर पडला तेव्हा त्यानंही हेच कारण दिलं होतं, की गॅरेजमधलं बारकाईचं काम कमी दाखवायचं चाललंय.

लिलाववेडा:
'स्टोरेज वॉर्स'मध्ये बोली लावणाऱ्या डेव्ह हेस्टरनं 2012 मध्ये वाहिनीवरच दावा ठोकला. आरोप असा की गोदामांत आधीच माल पेरून ठेवतात; एकदा तर कचऱ्याखाली मिनी गाडी पुरली होती म्हणे. 2014 मध्ये तडजोड झाली आणि गडी परत शोमध्ये! त्यामुळे आरोप सिद्ध झाले असं म्हणता येत नाही. भाडं थकलेल्या गोदामांचे लिलाव मात्र अमेरिकेत खरोखर होतात. फक्त बहुतेकांत गाद्या आणि मोडक्या खुर्च्याच निघतात, त्यावर कोण एपिसोड काढणार?

जुनी_नाणी:
'पॉन स्टार्स'मध्ये वस्तू घेऊन येणारा रस्त्यावरून सहज आत शिरत नाही, आधी निवडलेला असतो. "माझा एक मित्र यातला जाणकार आहे" म्हटलं की मित्र लगेच हजर, त्याला बिचाऱ्याला दुसरा धंदाच नाही. पण दुकानदार तज्ज्ञाच्या भावापेक्षा खूप कमी देतो ते अगदी खरं. त्याला ती पुढे विकायची असते.

धूळखात_स्कूटर:
वाचून दाखवलं. सासरे म्हणतात पैज निम्मी-निम्मी. आता त्यांना वेगळंच पडलंय: तुटलेल्या स्टडला उलट्या आट्यांचा बिट लावला असता तर?

अडकलेला_नट:
लावला होता. तो उलटा फिरतो, त्यामुळे कधीकधी बिटासोबत स्टडच फिरून बाहेर येतो. माझा नाही आला.