खेळावंसं वाटत नव्हतं, तेव्हा काय केलंत? (बास्केटबॉल खेळाडूंसाठी अनुभव धागा)

व्यावसायिक बास्केटबॉल सोडून मला आता बरीच वर्षं झाली. पॉइंट गार्ड होतो, म्हणजे चेंडू पुढे नेऊन खेळ रचणारा. अजूनही कुणी भेटलं की हमखास विचारतं, "एवढी वर्षं मोटिव्हेशन कुठून आणायचात?" मी काहीतरी ठरावीक बोलून वेळ मारून नेतो, कारण खरं उत्तर दिलं की समोरच्याचा चेहरा पडतो. बहुतेक दिवस मोटिव्हेशन नसायचंच. पाय जड, आदल्या दिवशी हरलेली मॅच डोक्यात, आणि सराव मात्र ठरल्या वेळी सुरू.

म्हणून हा धागा काढतोय. मन खेळात नव्हतं त्या काळात नेमकं काय केलंत ते लिहा. एक विनंती: मायकल जॉर्डनला शाळेच्या संघातून काढलं होतं ही गोष्ट नको. एक तर ती सगळ्यांना पाठ आहे, आणि वर ती तिखटमीठ लावून सांगतात. 1978 साली त्याला शाळेच्या मुख्य संघात घेतलं नाही, ज्युनिअर संघात टाकलं. तिथे तो वर्षभर पोटभर खेळला. पंधराव्या वर्षी मोठ्यांच्या बाकावर बसून राहण्यापेक्षा ते कितीतरी बरं!

सुरुवात मीच करतो. माझा सगळ्यात वाईट मोसम दुखापतीचा नव्हता. नवे कोच आले आणि त्यांना सगळीकडे स्विच करणारा बचाव हवा होता. म्हणजे स्क्रीन लागली (समोरच्या संघाचा माणूस आपल्या बचाव करणाऱ्याच्या वाटेत आडवा उभा राहिला) की ज्याच्यासमोर जो येईल त्याने त्यालाच धरायचं. अशा बचावात बुटका गार्ड हमखास सापडतो. समोरचा संघ मुद्दाम स्क्रीन लावून लावून त्याला आपल्या उंच खेळाडूसमोर आणतो आणि वरून चेंडू देतो. सर स्वच्छ बोलले, "तुझं काही चुकत नाही, पण तुझी उंची मी कुठून वाढवू?" यावर भांडणार काय? आणि भांडायला माणूस नसला की राग घरच्यांवर निघतो, तसा तो निघाला.

बाकावर वेळ जाईना, म्हणून समोरच्या गार्डच्या खुणा वाचायला लागलो. मूठ वर केली की कुठला सेट (ठरवून ठेवलेली चाल), डोक्यावर हात ठेवला की कुठला, जर्सी ओढली की कुठला. पहिल्या क्वार्टरमध्ये लक्षात ठेवायचं आणि दुसऱ्यात बाकावरून ओरडायचं, "हॉर्न्स येतोय, डावीकडून!" (हॉर्न्स हे अशाच एका सेटचं नाव). हळूहळू असिस्टंट कोच माझ्या शेजारी येऊन बसायला लागले. माझी मिनिटं फारशी वाढली नाहीत. क्वार्टरचा शेवटचा चेंडू सांभाळायला पाठवायचे, तेवढंच. पण सरावाला जायला काम मिळालं, आणि हाताला काम असलं की मन असो नसो, फारसा फरक पडेना.

आता तुम्ही लिहा.

*लेफ्टी*

माझी गोष्ट एसीएलची. बायकांच्या बास्केटबॉलमध्ये गुडघ्यातला हा लिगामेंट पुरुषांपेक्षा जास्त वेळा तुटतो, आणि तोही बहुतेक वेळा कुणाचा धक्का न लागता. माझं तसंच झालं. रिबाउंड घेतला, खाली आले, वळले आणि आत टक्कन वाजलं. मला ऐकू आलं ते ठीक, माझ्या शेजारी बॉक्स आउट करत (प्रतिस्पर्ध्याला पाठीने अडवत) होती तिलाही ऐकू आलं.

ऑपरेशननंतर पहिलं काम काय, तर पलंगावर पडून मांडी आवळायची. बस्स. आणि ते जमत नाही. तुम्ही सांगता आणि स्नायू हलतच नाही. कालपरवापर्यंत फास्ट ब्रेकला सगळ्यांच्या पुढे असणारी मी गुडघ्याखाली ठेवलेला टॉवेल दाबता येत नाही म्हणून रडत होते. फिजिओने एक वही दिली. तिच्यात फक्त गुडघा किती अंश वाकला ते लिहायचं, मनाचं काही लिहायचं नाही. मला ते फार कोरडं वाटलं होतं. पण "आज कसं वाटतंय?" याचं उत्तर रोज "वाईट" हेच होतं आणि वहीतले अंश मात्र चढत होते. त्या काळात मला माझ्या मनापेक्षा वहीचा जास्त भरवसा होता.

परतीच्या वेळची एक गोष्ट फारसं कुणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम लिहिते. एका पायावर उड्या मारायला लावून दोन्ही पायांची तुलना करतात. ऑपरेशनचा पाय चांगल्या पायाच्या निदान 90 टक्के भरायला हवा. पण तोवर चांगला पायही बसून बसून बारीक झालेला असतो! मग 90 टक्के भरले ते कशाचे? माझ्या फिजिओने दुखापतीआधीच्या चाचण्यांचे आकडे शोधून काढले, त्यांच्याशी ताडून पाहिलं आणि मला आणखी थांबवलं. नऊ महिन्यांच्या आत परतू नये असं हल्ली सांगतात, मी त्याच्याही बरीच पलीकडे गेले.

डेरिक रोझ आठवतो ना? 2011 मध्ये एनबीएचा (अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचा) सर्वात तरुण एमव्हीपी, म्हणजे मोसमातला सर्वोत्तम खेळाडू, वय 22. 28 एप्रिल 2012 ला गुडघा गेला. डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवल्यावरही तो पुढचा अख्खा मोसम खेळला नाही, आणि लोकांनी काय काय नावं ठेवली. नावं ठेवणाऱ्यांनी एकदा ऑपरेशन झालेल्या पायावर उडी मारून खाली येऊन दाखवावं. पुढे त्याची आणखी ऑपरेशनं झाली, आणि 2018 च्या ऑक्टोबरमध्ये हाच माणूस मिनेसोटाकडून एका मॅचमध्ये 50 गुण करून रडला.

*पाच नंबर*

माझं करिअर फ्री थ्रोने खाल्लं, म्हणजे फाउल झाल्यावर रेषेवरून मिळणाऱ्या मोकळ्या शॉटने. बोर्डपासून 4.60 मीटर, आडवं कुणी नाही, हातात पाच सेकंद. सरावात धडाधड जायचे. मॅचच्या शेवटच्या दोन मिनिटांत समोरचे मुद्दाम मलाच फाउल करायचे, आणि मग कोचनी त्या दोन मिनिटांत मला आत ठेवणंच बंद केलं. आघाडी मी मिळवून द्यायची आणि शेवट टॉवेल गळ्यात घालून बघायचा.

निक अँडरसनचं सगळ्यांना माहीत आहे. 1995 च्या एनबीए फायनलची पहिली मॅच, ऑर्लँडो तीन गुणांनी पुढे, आणि ऑर्लँडोच्या याने ओळीने चार फ्री थ्रो चुकवले. एक गेला असता तर बहुधा मॅच खिशात होती. ह्यूस्टनने ती ओव्हरटाइममध्ये नेऊन जिंकली आणि मालिका 4-0 ने घेतली. पुढच्या काही वर्षांत अँडरसनची फ्री थ्रोची टक्केवारी पार कोसळली.

पण मला जास्त छळतो तो विल्ट चेंबरलेन. 1961-62 च्या मोसमात तो फ्री थ्रो खालून, दोन्ही हातांनी टाकायचा. 2 मार्च 1962 ला त्याने 100 गुण केले त्या मॅचमध्ये 32 पैकी 28 फ्री थ्रो गेले. एरवी फ्री थ्रोत कच्च्या चेंबरलेनचे! आणि नंतर त्याने ती पद्धत सोडून दिली, कारण तसं टाकताना आपण बावळट दिसतो असं त्याला वाटायचं. टक्केवारी पुन्हा खाली. एवढा पहाडासारखा माणूस, पण लोक हसतील या भीतीपुढे हरला.

खालून टाकण्याचं धाडस माझ्यात नाही. पण मी दुसरी हास्यास्पद गोष्ट केली. फ्री थ्रो सरळ रिंगमध्ये न टाकता बोर्डवर आपटून टाकायला लागलो. रिंगकडे बघायचंच नाही, बोर्डवरच्या चौकोनाची वरची कड बघायची. रिंगकडे बघितलं की हात आखडायचा, चौकोनाकडे बघताना आखडत नव्हता. का, ते विचारू नका. ड्रेसिंग रूममध्ये पोरांनी यथेच्छ टिंगल केली. पण सरावाच्या शेवटी, सगळे धावून धावून मेल्यावर, सर एकेकाला रेषेवर उभं करायचे आणि चुकला की सगळ्यांना परत धावायला लावायचे. तिथे माझे जायला लागल्यावर टिंगल आपोआप थांबली.

*सहा फूट नऊ*

धाग्यात बसत नसेल तर सोडून द्या. मला खेळ कधी आवडलाच नाही. उंची बघून एका सरांनी उचललं, मग निवड झाली, मग करार झाला, मग सगळ्यांचा अभिमान झाला. "उंची शिकवता येत नाही" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता कुणी म्हटलं की उठून जातो. एकदा मोसमाच्या शेवटच्या मॅचेस रद्द झाल्या. बाकीचे हिरमुसले आणि मी रात्री निवांत झोपलो. तेव्हा कळलं. करार संपेपर्यंत प्रामाणिकपणे खेळलो, मग थांबलो. आता चेंडू हातात घेत नाही, आणि चुकल्या चुकल्यासारखंही होत नाही.

(धागाकर्ता: बसतंय, अगदी बसतंय. मलाही एक-दोन सहकारी आठवले, जे खरं तर हेच सांगत होते आणि आम्ही त्यांना "डोकं वर कर" म्हणून पाठीवर थापा मारत होतो.)

*चाकांवर*

व्हीलचेअर बास्केटबॉलमधला वेगळाच प्रकार सांगतो. आमची रिंगही 3.05 मीटरवरच असते आणि कोर्टही 28 बाय 15 मीटरचंच. चेंडू मांडीवर ठेवून दोन वेळा चाक ढकललंत की ड्रिबल, पास किंवा शॉट, नाहीतर ट्रॅव्हलिंग (नियमभंग, चेंडू समोरच्यांकडे). पण खरी गंमत वर्गीकरणात आहे. शरीराची हालचाल किती शक्य आहे त्यावरून प्रत्येकाला 1 ते 4.5 गुण मिळतात (हालचाल जास्त, तर गुण जास्त), आणि आंतरराष्ट्रीय नियमांनुसार कोर्टवरच्या पाच जणांची बेरीज 14 च्या वर जाऊन चालत नाही.

मी 2.5 चा होतो आणि पहिल्या पाचांत ठरलेला. फेरतपासणी झाली आणि मी 3 चा झालो. अर्ध्या गुणाने आमच्या पाचांची बेरीज साडेचौदा. संपलं. खेळ तोच, फॉर्म तोच, उलट कंबरेचे व्यायाम करून करून मी जास्त नीट बसायला लागलो होतो, आणि त्याचंच हे बक्षीस की काय असा कडवटपणा आला. अपील केलं, ते फेटाळलं गेलं.

मग मी आणि आमचा व्यवस्थापक कागद घेऊन बसलो आणि 3 गुणांचा माणूस घालून 14 मध्ये बसणाऱ्या पाच जणांच्या सगळ्या जोड्या लिहून काढल्या. त्यातली एक जोडी कुणी कधी वापरलीच नव्हती. तीत एक गुणाचे दोघं होते, ज्यांना एरवी फारसं कुणी आत घेत नाही. एक गुणवाला खेळाडू खुर्ची आडवी लावून समोरच्या उंच माणसाला अडकवून ठेवण्यात वाकबगार असतो. प्रेक्षकांना ते काम दिसत नाही, पण मागून येणाऱ्याला लेअप (रिंगजवळचा सोपा शॉट) मोकळा मिळतो. ती जोडी आम्ही रोज सरावानंतर घोटली. कोचना दाखवायला हिंमत गोळा करावी लागली. आता ती दुसऱ्या क्वार्टरला उतरते.

*एका खेळाडूची आई*

मी खेळाडू नाही, चालेल ना? मुलगा मॅचच्या आधी उलट्या करायचा. प्रशिक्षक म्हणायचे, मनाने कच्चा आहे. एनबीएतल्या केव्हिन लव्हला 2017 मध्ये भर मॅचमध्ये पॅनिक अटॅक आला होता, आणि 2018 मध्ये त्याने स्वतःच त्यावर लिहिलं. ते मी मुलाला वाचायला दिलं. काही बोलला नाही, पण समुपदेशकाकडे जायला तयार झाला. घरात आम्ही एकच नियम केला: येताना गाडीत मॅचचा विषय त्याने काढला तरच. सगळ्यात जड गेला तो त्याच्या बाबांना.

*बाकावरचा*

सगळे परतीच्या गोष्टी सांगताहेत, म्हणून न परतलेल्याची एक. मी संघातला बारावा. वीस गुणांचा फरक पडला की मला उतरवतात, कधी आपल्या बाजूने, कधी विरुद्ध. बाकावरच्या माणसाची अडचण मनाची कमी आणि अंगाची जास्त असते. दीड तास थंड बसायचं आणि "ऊठ" म्हटलं की अर्ध्या मिनिटात पूर्ण वेगाने पळायचं. म्हणून हाफटाइमला सगळे पाणी पितात तेव्हा मी कोर्टवर धावून घेतो. टाइमआउटला उभा राहतो आणि टाचा उचलत राहतो. लोकांना उत्साह वाटतो, मला पोटऱ्या गरम ठेवायच्या असतात.

युडोनिस हॅस्लेमला 2002 च्या एनबीए ड्राफ्टमध्ये (संघ नवे खेळाडू निवडतात त्यात) कुणी निवडलं नव्हतं. तो फ्रान्समध्ये खेळून आला आणि मग मायामीकडे 20 मोसम राहिला. शेवटची काही वर्षं तर जवळपास बाकावरच. पण तो तीन वेळा विजेता, त्याचा शब्द ड्रेसिंग रूममध्ये चालायचा. माझा शब्द फिजिओच्या खोलीतही चालत नाही, तेव्हा त्याचं उदाहरण मला लागू पडत नाही हे मीच सांगून टाकतो.

मग का खेळतो? सरावात मी रोज आमच्या मुख्य शूटरला धरतो. समोरच्या संघातला बचाव करणारा कसा धरेल, डाव्या हाताला ढकलेल की उजव्या, ते बघून येतो आणि तस्सा त्याला आठवडाभर छळतो. मॅचमध्ये तो स्क्रीनवरून सुटून मोकळा शॉट घेतो तेव्हा माझ्याकडे बघतो, निदान मला तसं वाटतं. पुढच्या मोसमाचा करार आलाय, सही केली. पैसे वाढवले नाहीत आणि माझ्याच जागेवर आणखी एक पोरगा घेतलाय. पोरगा चांगला उडतो, म्हणजे यंदा बाकावरच्या जागेसाठीसुद्धा झगडायचंय.