मदत हवी आहे: वर्ट उकळायला गॅस आणि विजेचा रॉड एकदम वापरावा का?

मंडळी, न्यू जर्सीत भाड्याच्या टाउनहाउसमध्ये राहतो, घरी बिअर करतो. (वर्ट म्हणजे माल्टचा, मोड आणून वाळवलेल्या बार्लीचा काढा; तो आंबवला की बिअर.) (इथे कायद्याने चालतं: एकटा असाल तर वर्षाला 100 गॅलन, घरात दोन प्रौढ असतील तर 200. महाराष्ट्रात विनापरवाना चालत नाही, तेव्हा तिकडच्या मंडळींनी नुसतं वाचावं.)

आजवर 10 लिटरचे छोटे घाणे काढले. आता 19 लिटर करायची आहे, म्हणजे उकळायच्या सुरुवातीला पातेल्यात 25 लिटर वर्ट. इथेच घोडं अडलंय.

शेगडीचा मोठा बर्नर 12,000 बीटीयूचा, म्हणजे साडेतीन किलोवॅट. पण निम्म्याहून जास्त आच पातेल्याच्या कडेने वर निघून जाते, हाती दीडच्या आत-बाहेर लागते. मॅश, म्हणजे माल्ट गरम पाण्यात भिजत ठेवणं, संपतो 66 अंशांवर. तिथून उकळीपर्यंत न्यायला साधारण एक युनिट विजेइतकी उष्णता पुरते. तासभर लागला तरी थांबेन. पंचाईत पुढेच आहे. तासाला 3 लिटर वाफ उडवायची तर त्यालाच 1.9 किलोवॅट लागतात, वर पातेल्याच्या अंगातून हवेत जाते ती वेगळी. नुसतं पाणी ठेवून पाहिलं: कडेला बुडबुड्यांची एक ओळ, मध्ये थरथर. झाकण ठेवलं की खळखळून उकळतं, काढलं की पुन्हा गप्प. आणि पिल्सनर माल्टला (फिकट रंगाचा, हलका भाजलेला) झाकण ठेवून कसं चालेल? डीएमएस (वाफेबरोबर उडून जायला हवं ते गंधकाचं संयुग) आतच राहिलं की बिअरला उकडलेल्या मक्याचा वास.

प्रोपेनची शेगडी सुचवू नका. डेकवर मनाई आहे, आणि घरात किंवा गॅरेजमध्ये पेटवून कार्बन मोनॉक्साइड ओढवून घ्यायचा नाही. 240 व्होल्टचा सॉकेट आहे तो वरच्या मजल्यावर, ड्रायरच्या मागे. घरमालक नवी लाइन ओढू देणार नाही.

म्हणून विचार असा: खालून गॅस, जोडीला 120 व्होल्टवरचा 1500 वॅटचा रॉड. साडेबारा अँपिअर होतात, ओट्यावरचं सर्किट 20 चं आहे. पातेल्याला भोक पाडून एलिमेंट बसवू की रॉड वरून सोडू? वर्ट करपेल का? कोणी केलं असेल तर सांगा.

प्रतिसाद १
वरूनच सोडा. भोक पाडलंत तर एलिमेंटची जोडणी आणि सिलिकॉनची रिंग पातेल्याच्या बुडाशी येते, नेमकी ज्वाळा वर चढते तिथे. नुसत्या विजेवर चालणाऱ्या पातेल्यांना ते ठीक, गॅसवर नाही. वायर शेगडीच्या मागून न नेता पुढच्या बाजूने, आचेपासून लांब ठेवा.

प्रतिसाद २
भारतातून आणलेला बादलीतला रॉड आहे घरी, तो चालेल का? विचारून ठेवतो.

प्रतिसाद १
नाही हो. 230 व्होल्टचा 1500 वॅटचा रॉड 120 वर जेमतेम 400 वॅट देईल. शिवाय तो आंघोळीच्या पाण्याचा. वर्ट आंबट असतो, त्यात स्टेनलेस स्टीलचाच हवा, अर्थिंगसकट.

प्रतिसाद ३
त्या सर्किटवर फ्रिज किंवा मायक्रोवेव्ह नाही ना, ते आधी बघा. सॉकेट जीएफसीआय (गळती झाली की लगेच वीज तोडणारा) असेल तर टेस्टचं बटण दाबून खात्री करा. रॉड पूर्ण बुडाल्यावरच चालू करायचा आणि बंद करून मगच बाहेर काढायचा. कोरडा तापला तर मिनिटात जातो. एक्झॉस्ट लावा, 3 लिटर वाफ कपाटांच्या प्लायवूडला सोसत नाही. आणि पातेल्याला फॉइलचं जाकीट गुंडाळायचं मनात असेल तर ते गॅसवर अजिबात नको.

धागाकर्ता
आभार. वरून सोडतो. फ्रिज वेगळ्या सर्किटवर आहे, आत्ताच ब्रेकर पाडून पाहिलं. करपण्याचं मात्र राहिलं.

प्रतिसाद १
लो वॉट डेन्सिटीचा घ्या, म्हणजे तीच ताकद जास्त लांबीवर पसरलेली. मॅशची पिशवी काढल्यावर तळाशी पीठ बसतं, ते ढवळून मगच रॉड सोडा. उकळी फुटली की आपोआप हलत राहतं. फेस वर येईल तेव्हा गॅस कमी करा, रॉड तसाच राहू द्या.

धागाकर्ता
शनिवारी आधी नुसत्या पाण्यावर करून तासाला किती उडतं ते मोजतो. आकडा इथे टाकेन.