मदत हवी आहे: मोर्स कोड मागावर कसा विणायचा?

नमस्कार मंडळी. मी नाशिकरोडच्या एका शाळेत चित्रकला शिकवते. आमची नववीची मुलं युद्धकाळातल्या सैनिकी संदेशवहनावर कलाकृती करतायत. सुरुवात दुसऱ्या महायुद्धातली ब्रिटनची गुप्तहेर नूर इनायत खान हिच्यापासून झाली. १९४३ साली ती पॅरिसमधून लपूनछपून वायरलेसवर लंडनला संदेश पाठवत होती. १९४४ मध्ये जर्मनीतल्या डाखाऊच्या छळछावणीत नाझींनी तिला ठार मारलं. हे सांगताना वर्ग इतका शांत झाला, की मलाच पुढे बोलवेना.

मग एका मुलीला सुचलं, मोर्समधला, म्हणजे टिंबं आणि रेघांनी अक्षरं दाखवणाऱ्या लिपीतला, संदेश पैठणीच्या काठासारखा विणू या! टिंबाला एक माप, रेघेला तीन, दोन अक्षरांमध्ये तीन, दोन शब्दांमध्ये सात. म्हणजे रिकामी जागासुद्धा मोजूनच सोडायची. 'आई' रोमन अक्षरांत लिहून कागदावर जमलं: टिंब-रेघ, टिंब-रेघ, टिंब-टिंब. मागावर मात्र अडलंय. एका मापाला किती धागे धरावेत, म्हणजे टिंब लांबूनही दिसेल? येवल्याचे कोणी विणकर तासभर मुलांशी बोलतील का?

आणखी एक. सैन्याच्या तोफखान्यात किंवा सिग्नल्समध्ये (संदेशवहन विभागात) वायरलेस सांभाळलेले, आता देवळालीत राहणारे कोणी निवृत्त काका ओळखीचे आहेत का? तोफेजवळच्या जवानांना बहुतेकदा लक्ष्य दिसत नाही, पुढे बसलेला निरीक्षक सांगेल तसा नेम धरतात. तो आवाज खरखरीतून कसा ऐकू यायचा, एवढंच मुलांना त्यांच्या तोंडून ऐकायचंय. कोणी असल्यास कृपया मेसेज करा, आम्ही त्यांच्या घरी येऊ.