घरात कुणी डॉक्टर नाही आणि मुलगी म्हणते एमबीबीएसच करणार. तुमचे अनुभव सांगाल का?

भांडुपची आई:
नमस्कार मंडळी. मुलगी अकरावी सायन्सला आहे. मिस्टर बेस्टमध्ये, मी घरी शिवणकाम करते, माहेरी सासरी कुणीही डॉक्टर नाही. क्लासवाले फक्त नीटचं बोलतात, १८० प्रश्न, ७२० मार्क, बरोबर आलं तर चार, चुकलं तर एक वजा, हे आता मलाही पाठ झालंय. पण सीट मिळाल्यावर पुढे साडेचार वर्षं आणि वर एक वर्ष इंटर्नशिप, त्यात मुलं राहतात कशी, हे विचारायचं कुणाला? ज्यांच्या घरातले ते पहिलेच डॉक्टर, अशांनी प्लीज लिहा. चांगलं वाईट दोन्ही लिहा, मी मुलीला वाचून दाखवणार आहे.

लालबागकर:
ताई, मी १९८८ ला एमबीबीएसला लागलो, तेव्हा बारावीचे पीसीबीचे, म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजीचे, मार्क बघून अ‍ॅडमिशन व्हायची. वडील गिरणीत होते, ८२ च्या संपानंतर त्यांची गिरणी परत सुरू झालीच नाही, आईने खानावळीचे डबे करून घर चालवलं. शाळा म्युनिसिपालिटीची, मराठी. केईएमचं कॉलेज घरापासून चालत पंधरा मिनिटं, पण आत पाऊल टाकलं की सगळं इंग्रजीत. पहिल्या व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, सरांनी हातात हाड दिलं, कुठला स्नायू कुठे लागतो ते सगळं मला येत होतं, तोंडातून शब्द फुटेना. सर म्हणाले मराठीत सांग. सांगितलं. मग म्हणाले आता हेच उद्यापासून रोज घरी कुणालातरी इंग्रजीत सांगायचं. बोन सेट घरात आणायला आजीने सक्त मनाई केलेली, म्हणून मी फरशीवर खडूने हाडं काढायचो आणि आईला इंग्रजीत समजवायचो, ती पोळ्या लाटता लाटता हूं हूं करायची. वर्षभर ऐकलं तिने. कळत काहीच नव्हतं, पण एकदाही उठून गेली नाही. तुम्हाला विषय येत नाही म्हणून मुलीपासून लांब राहू नका, एवढंच सांगेन.

विरारहून:
माझा अनुभव सीट न मिळालेल्याचा आहे, तोही इथे असावा असं वाटलं. मी दोन वेळा ड्रॉप घेतला, म्हणजे कुठेच अ‍ॅडमिशन न घेता वर्षभर परत नीटचा अभ्यास केला. पहिल्या ड्रॉपला मार्क बरेच वाढले पण गव्हर्नमेंट कॉलेजला कमी पडले, प्रायव्हेटची फी परवडणारी नव्हती, दुसऱ्या ड्रॉपला तर मार्क आणखी कमी आले कारण तोपर्यंत मी घरातून बाहेर पडणंच बंद केलं होतं, लग्नाला नाही, गणपतीला नाही, कुणी काय करतोस विचारेल म्हणून. शेवटी फिजिओथेरपी घेतली, तीही त्याच नीटच्या मार्कांवर. आज पॅरालिसिसच्या पेशंटना उभं करतो. एक आजोबा दोन महिन्यांनी स्वतःच्या हाताने चहाचा कप उचलून प्यायले तेव्हा मी जिन्यात जाऊन रडलो. ताई, किती अटेम्प्ट द्यायचे ते रिझल्टच्या आधीच मुलीशी बसून ठरवा. रिझल्टच्या रात्री कुणालाच नीट विचार करता येत नाही.

रेसिडेंट होते:
हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. मेडिसिनला जेआर वन, म्हणजे एमबीबीएसनंतरच्या पीजीचं पहिलं वर्ष, पावसाळा, मलेरिया डेंग्यू लेप्टोने वॉर्ड भरलेला, कॉट संपल्यावर फ्लोअर बेड, आणि इमर्जन्सीच्या दिवशी सकाळी घातलेला एप्रन दुसऱ्या दिवशी रात्री उतरायचा. रोज संध्याकाळी बारीक ताप यायला लागला, वजन सहा किलो उतरलं, मी म्हणत राहिले दमले असेन. शेवटी को-रेसिडेंटने हाताला धरून एक्स-रे काढायला नेलं. फुफ्फुसाभोवती पाणी. टीबी. दोन महिने चार औषधं, मग चार महिने तीन. एन-९५ मास्क मागितले होते, मिळाले नव्हते, रजेसाठी सुद्धा तीनदा अर्ज करावा लागला, हा राग माझा अजून गेलेला नाही आणि जाऊही नये. काकू, मुलगी रेसिडेन्सीला गेली की अभ्यासाचं नका विचारू, जेवलीस का आणि वजन किती ते विचारा. दोन आठवडे खोकला किंवा ताप राहिला तर तपासणी करून घ्यायचीच.

डोंबिवलीची आई:
वरचं वाचून गलबलून आलं. माझा मुलगा सर्जरीला आहे, दर रविवारी डबा घेऊन लोकलने जाते, कधी कधी तो ऑपरेशन थिएटरमध्ये असतो आणि भेट होत नाही. वॉर्डातल्या मावशींकडे डबा देते. त्या सांगतात जेवला म्हणून, तेवढ्यावर आठवडा निघतो.

कळव्याहून:
कागदपत्रांचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. डोमिसाईल, आणि लागू असेल तर जातवैधता, नॉन क्रिमीलेयर, हे सगळं अकरावीतच सुरू करा. माझ्या बहिणीची वैधता वेळेत आली नाही, मार्क असून त्या वर्षी ओपनमधून जावं लागलं आणि हवं ते कॉलेज गेलं.

बॉण्डवाला:
आमच्या वेळी बॉण्ड असा होता, गव्हर्नमेंट कॉलेजमधून झालं की एक वर्ष सरकारी सेवा करायची किंवा दहा लाख भरायचे. एवढे पैसे नव्हतेच, गेलो. जव्हारच्या पलीकडचं पीएचसी, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, मी अख्खा जन्म परळमध्ये काढलेला. तिसऱ्याच आठवड्यात पहाटे चारला नऊ वर्षांची मुलगी आणली, जमिनीवर झोपली होती, पोटात दुखतंय म्हणत उठली, कुठे चावल्याची खूण नाही, सूज नाही. पापण्या मिटायला लागल्या होत्या. बाटलीत रक्त घेऊन वीस मिनिटं ठेवलं, व्यवस्थित गोठलं. मण्यार साप चावला असणार. सापाच्या विषावरच्या औषधाच्या दहा वायल लावल्या, १०८ बोलावली, वाटेत तिचा श्वास मंद झाला आणि उपजिल्हा रुग्णालय येईपर्यंत मी आणि सिस्टर आळीपाळीने अंबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी, दाबत होतो. हात थरथरत होते पण थांबलो नाही. सहाव्या दिवशी ती चालत घरी गेली.

भांडुपची आई:
सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. मुलीला सगळं वाचून दाखवलं. टीबीचं ऐकून गप्प झाली होती. आत्ता विचारतेय, रक्त गोठलं म्हणजे सगळं ठीक ना, मग मण्यार कसं ओळखलं?

बॉण्डवाला:
छान विचारलंय. तिला सांगा, साप कुणीच बघितला नव्हता. घोणस किंवा फुरसं असतं तर बहुतेक रक्त गोठलं नसतं. मण्यारीचं विष मज्जातंतूंवर जातं, आधी पापण्या, मग गिळणं, मग श्वास. नागाचंही तसंच, पण नाग चावला की जागा सुजते, दुखते. औषध चारही सापांना एकच आहे, पण मण्यार आहे हे कळलं म्हणून अंबू बॅग गाडीत बरोबर घेतली.