लिव्हर शंट: ऑपरेशन केलंत की औषधांवर ठेवलंत?

आमची चिऊ, शिह त्झू जातीची कुत्री, नऊ महिन्यांची, वजन जेमतेम 3 किलो. जेवण झालं की तासाभरात तिचे डोळे तारवटायचे, लाळ गळायची, गोल गोल फिरत राहायची. एकदा फ्रिज आणि भिंतीच्या फटीत डोकं खुपसून दहा मिनिटं उभी होती. आम्हाला फिट्सचा आजार वाटला. मग बाईल ॲसिडची, म्हणजे लिव्हरचं काम बघणारी रक्ताची तपासणी झाली, एकदा उपाशीपोटी आणि एकदा खाल्ल्यावर दोन तासांनी. सोनोग्राफीत जन्मजात शंट असावा असं दिसलं. म्हणजे आतड्याकडचं रक्त लिव्हरमध्ये न जाता वेगळ्याच वाहिनीतून परस्पर अंगभर जातं आणि त्यातला अमोनिया मेंदूला बाधतो. डॉक्टर ऑपरेशन सुचवतात. सासूबाई म्हणतात, एवढ्याशा जिवाला कापू नका. रात्र रात्र झोप नाही. जे यातून गेलेत त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

*

ताई, आमचा यॉर्की तेव्हा 2 किलो 100 ग्रॅमचा होता. आधी सीटी स्कॅन करून घ्या. शंट एकच आहे का, लिव्हरच्या बाहेर आहे की आत, हे कळल्याशिवाय ऑपरेशनचा निर्णय होतच नाही. आमचा एकच, बाहेरचा होता. लहान जातींत बहुतेकदा तसाच असतो. सर्जननी त्या वाहिनीभोवती एक बारीक रिंग बसवली. तिच्या आत केसीन असतं, दुधातलंच प्रथिन. ते ओलावा शोषून फुगतं आणि वाहिनी महिनाभरात हळूहळू आवळत आणतं. एकदम बांधली तर लिव्हरकडच्या शिरेत दाब वाढतो, पोटात पाणी होतं. पहिले तीन दिवस दवाखान्यातच ठेवलं होतं. मी पिंजऱ्यापाशी बसून त्याच्या पोटावर हात ठेवून बघायचे, फुगतंय का म्हणून. औषधं पुढे दोन महिने चालली, मग तपासणी करून कमी केली. आज तो पाच वर्षांचा आहे आणि जिन्यावरून आमच्या आधी खाली पोचतो.

*

आम्ही औषधांवर ठेवलं. पैशाचं कारण होतं, लपवत नाही. माल्टीज, सहा वर्षं झाली. लॅक्ट्युलोज, म्हणजे पोट साफ ठेवून अमोनिया कमी करणारं सिरप, दिवसातून तीनदा, शी मऊ राहील इतपत. पातळ झाली की डोस जास्त झाला. माणसांच्या मेडिकलमध्ये मिळतं. सुईशिवायच्या सिरिंजने गालाच्या कडेने सोडायचं आणि लगेच कोमट ओल्या फडक्याने हनुवटी पुसायची, नाहीतर तिथले केस चिकटून गठ्ठा होतो. मटण पूर्ण बंद. भात, भोपळा, पनीर, अंडं, तेही डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मापात. प्रथिनं मनानेच फार तोडू नका, कुत्रं खंगतं. लघवीवरही लक्ष ठेवा, आमच्या राणीला दोनदा खडे झाले. औषधाने शंट बंद होत नाही, हे मनाशी पक्कं ठेवूनच हा रस्ता धरा. आणि पाहुण्यांना हात जोडून सांगा, काही भरवू नका. गणपतीत कोणीतरी मटणाचा नाही, पण चिकनचा तुकडा दिला होता. रात्रभर ती भिंतीला धडकत होती.

*

आमच्या आठ वर्षांच्या कुत्र्याला शंट निघाले, पण अनेक आणि नंतर झालेले. लिव्हर आधीच खराब, दाब वाढला म्हणून शरीरानेच वाटा काढलेल्या. त्या बांधायच्या नसतात. आमच्यापुढे निवड नव्हतीच.

*

लिहू की नको, असं चार दिवस चाललं होतं. आमची पग ऑपरेशननंतर गेली. ऑपरेशन नीट झालं होतं. तिसऱ्या दिवशी फिट्स सुरू झाल्या, त्या थांबल्याच नाहीत. अमोनियाही वाढलेला नव्हता. काही कुत्र्यांत असं होतं, हे आम्हाला आधी कोणी नीट समजावलं नव्हतं. ताई, तुम्ही हे नक्की विचारा: फिट आली तर रात्री दोन वाजता तिथे कोण असेल? त्या दवाखान्यात रात्री डॉक्टर नव्हते. ऑपरेशन करू नका असं मी म्हणणार नाही. वय लहान आणि शंट एकच असेल तर मी आजही तेच निवडेन, फक्त रात्रभर माणूस असेल अशा जागी.

*

सगळ्यांचे मनापासून आभार. पगच्या आई, तुमचं वाचून खूप रडले, आणि तुमचा प्रश्न वहीत पहिलाच लिहून ठेवलाय. सीटी गुरुवारी आहे. लॅक्ट्युलोज आणि बदललेलं खाणं सुरू करून आठवडा झाला. काल जेवल्यावर चिऊ गोल फिरली नाही, माझ्या पायावर हनुवटी ठेवून झोपली. सासूबाईही सीटीला येणार म्हणतात.