मदत हवी आहे : एनॅमलच्या जुन्या नंबर प्लेटचा गंज कसा थांबवावा?

सप्रेम नमस्कार. मी बॉस्टनमध्ये राहतो आणि मॅसॅच्युसेट्सच्या जुन्या नंबर प्लेट जमवतो. या राज्याने १९०३ मध्ये अमेरिकेत सर्वप्रथम सरकारी नंबर प्लेट देण्यास सुरुवात केली. लोखंडी पत्र्यावर एनॅमल (काचेसारखा कठीण, चकाकणारा लेप) भाजून केलेल्या त्या प्लेटवर गडद निळ्या पार्श्वभूमीवर पांढरे आकडे असत आणि वर 'मास. ऑटोमोबाइल रजिस्टर' असे लिहिलेले असे.

त्याच पद्धतीची एक प्लेट नुकतीच माझ्याकडे आली आहे. आकडे उत्तम आहेत, परंतु बोल्टच्या छिद्रांभोवतीचे एनॅमल उडाले असून उघड्या पत्र्यावरचा गंज शेजारच्या एनॅमलखाली शिरत आहे, आणि तो वेळीच रोखला नाही तर चांगला भागही सुटेल, ही माझी खरी काळजी आहे. प्लेट पुन्हा भट्टीत घालण्याचा विचार मी करत नाही, कारण सुमारे ८०० अंश सेल्सिअसला मूळ थर टिकेल याची शाश्वती नाही. शिवाय नव्यासारखी चमकणारी प्लेट मला नकोच आहे.

टॅनिक आम्ल गंजाचे काळसर, स्थिर संयुगात रूपांतर करते, पण ते एनॅमलच्या कडेला लागल्यास चकाकी जाते का? त्यावर पॅरालॉइड बी-७२ चा (जतनकामात वापरल्या जाणाऱ्या पारदर्शक अ‍ॅक्रिलिक राळेचा) पातळ थर द्यावा, की सूक्ष्मस्फटिकी मेण पुरेसे होईल? संग्रहालयात धातूच्या वस्तूंचे जतन करणाऱ्यांनी किंवा एनॅमलच्या जुन्या पाट्या हाताळलेल्यांनी कृपया आपला अनुभव सविस्तर लिहावा.