विकिपीडियावर नव्या संपादकांना हाताला धरून शिकवायचं कसं?

गिरणाकाठ: जळगावात पदवीच्या वीसेक मुलांसाठी दोन तासांचं सत्र घ्यायचं आहे. सगळ्यांना आपापल्या गावावर नवा लेख लिहायचाय. असे लेख दोन दिवसांत उडतात आणि पोरं पुन्हा फिरकत नाहीत. सुरुवात कुठून करावी?

तापीखोरे: नवा लेख पहिल्या दिवशी नकोच. आधीपासून असलेल्या लेखातलं एक विनासंदर्भ वाक्य प्रत्येकाला द्या आणि तेवढंच दुरुस्त करून घ्या. उदाहरणार्थ, 'जळगावची केळी जगप्रसिद्ध आहेत' हे वाक्य टिकणार नाही. त्याऐवजी 'जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले' असं लिहून लगेच संदर्भ जोडायचा. पुस्तकाचा संदर्भ असेल तर लेखक, प्रकाशक, वर्ष आणि पान क्रमांक हवाच. नुसतं पुस्तकाचं नाव दिलं तर तपासणारा काय तपासेल?

गावाच्या लेखात 'निसर्गरम्य', 'पावन भूमी', सध्याच्या सरपंचांचा गौरव, ग्रामदेवतेच्या चमत्काराची कथा हे सगळं हमखास येतं आणि लेख तिथेच अडकतो. लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतून घ्या आणि वाक्यातच तसं म्हणा.

पांझराकाठची: खाती आधीच घरून काढायला लावा. एकाच आयपी पत्त्यावरून दिवसाला सहाच खाती उघडता येतात. कॉलेजच्या वायफायवर सातवा मुलगा अडकतो, आणि सत्राचा पहिला अर्धा तास त्यातच जातो. ईमेल टाकलाच पाहिजे, नाहीतर पासवर्ड विसरला की खातं गेलं.

दुसरं, एका लेखावर एकच जण. चौघांनी एकच परिच्छेद उघडला तर पहिल्याचं जतन होतं, बाकीच्यांना संघर्षाचा संदेश येतो आणि पोरं घाबरून पान बंद करतात. सराव आपल्या धूळपाटीवर, म्हणजे खात्याच्या सरावाच्या पानावर. माहितीचौकटीला (लेखाच्या बाजूच्या माहितीच्या तक्त्याला) स्रोत संपादकातून, म्हणजे कंस-चिन्हांचा कच्चा मजकूर दिसतो त्या खिडकीतून, हात लावू देऊ नका. एक महिरपी कंस पुसला तरी अख्खी चौकट विस्कटते.

अनेरवाला: दुव्यांचं राहिलं. नवखा माणूस 'तो [[धुळ्यात]] राहतो' असं लिहितो आणि दुवा लाल होतो, कारण त्या नावाचं पानच नाही. लिहायचं असं: [[धुळे|धुळ्यात]]. उभ्या रेघेआधी पानाचं नाव, नंतर वाक्यात दिसणारा शब्द. मराठीत विभक्ती लागली की मूळ रूप बदलतं, म्हणून हे पहिल्याच दिवशी शिकवा.

इतिहासासाठी मुलं १८८० चं खानदेश गॅझेटियर (इंग्रजांच्या काळातला जिल्ह्याचा माहितीग्रंथ) उघडतील. चांगलंच आहे, पण त्यातलं वाक्य वर्तमानकाळात उतरवू नका. तेव्हा खानदेश हा एकच जिल्हा होता; पूर्व आणि पश्चिम खानदेश १९०६ मध्ये झाले आणि नंदुरबार जिल्हा तर १ जुलै १९९८ चा. '१८८० च्या गॅझेटियरनुसार' हे शब्द वाक्यात हवेतच.

गिरणाकाठ: वर्तमानपत्रातला मजकूर शब्द बदलून घेतला तर चालेल का? आणि फोटो?

पांझराकाठची: चार शब्द इकडचे तिकडे केले तरी ती नक्कलच. बातमी बंद करून आपल्या भाषेत दोन ओळी लिहा, मग परत उघडून नावं-आकडे ताडून पाहा. फोटो स्वतः काढलेलाच कॉमन्सवर (विकिपीडियाच्या चित्रांच्या सामायिक साठ्यावर) चढवायचा. व्हॉट्सॲपवर आलेला गढीचा फोटो काढून टाकला जाईल, कारण तो कोणी काढला आणि परवानगी कोणाची, हे चढवणाऱ्याला सांगता येत नाही.

तापीखोरे: आणि सत्रानंतर आठवडाभर प्रत्येकाचं 'योगदान' पान उघडून बघा. बदल उलटवला गेला असेल तर लेखाच्या 'इतिहास' पानावर बहुतेक वेळा कारण लिहिलेलं असतं. तोच बदल पुन्हा टाकायचा नाही, लेखाच्या चर्चापानावर संदर्भासह विचारायचं. भांडण पेटतं ते तीन-तीनदा परत टाकण्यातूनच.